आल्सासचा वाइन मार्ग : द्राक्ष बागायतदारांसाठी खाणे, पाहणे आणि मुक्काम

फ्रान्सच्या पूर्व टोकाला, ऱ्हाइन नदी आणि व्होज डोंगररांग यांच्या मधल्या पट्ट्याला आल्सास म्हणतात. येथे सुमारे १५ हजार हेक्टरवर वाइन द्राक्षांच्या बागा आहेत. तयार होणारी सुमारे ९० टक्के वाइन पांढरी असते. १९५३ मध्ये उत्तरेकडील मार्लेनहाइमपासून दक्षिणेकडील तानपर्यंत सुमारे १७० किलोमीटरचा 'वाइन मार्ग' जाहीर झाला. त्यासाठी नवा रस्ता बांधला नाही. गावागावांतले जुनेच रस्ते जोडून पाट्या लावल्या. महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात कोल्मारच्या आसपासची काही गावे बेचिराख झाली होती. अशा काळात गिऱ्हाईक थेट बागायतदाराच्या दारात आणण्याचा हा मार्ग होता. अभ्यास दौऱ्यावर जाणाऱ्या गटाने तेथे हेच बारकाईने पाहावे: पर्यटकाचा पैसा शेतकऱ्याच्या हातात नेमका कोणत्या ठिकाणी पडतो.

हवामान आणि बाग

पश्चिमेचे ढग व्होज डोंगरावर रिकामे होतात आणि पूर्वेचा उतार पर्जन्यछायेत राहतो. सह्याद्रीच्या पूर्वेला राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. कोल्मार हे फ्रान्समधील सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक मानले जाते. मात्र जो पाऊस पडतो तो वर्षभर विखुरलेला असल्याने केवडा आणि भुरी तेथेही पाठ सोडत नाहीत.

छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात वेल सुप्तावस्थेत असताना होते. आपल्यासारखी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी असा प्रकार नाही. एप्रिलमध्ये डोळे फुटतात, त्याच वेळी उशिराच्या हिमतुषाराची भीती असते. जूनमध्ये फुलोरा येतो. काढणी पूर्वी ऑक्टोबरची समजली जाई, तापमान वाढल्यामुळे ती आता सप्टेंबरवर, कधी ऑगस्टअखेरीवर आली आहे. रिझलिंग, गेवुर्झट्रामिनर, पिनो ग्री, मस्कट, सिल्व्हानेर या मुख्य जाती. फ्रान्सच्या इतर बहुतेक भागांत बाटलीवर गावाचे किंवा परिसराचे नाव ठळक असते, आल्सासमध्ये जातीचे असते. नवख्या माणसाला त्यामुळे चव लक्षात ठेवणे सोपे जाते.

सर्वच बागायतदार स्वतः वाइन करत नाहीत. रिबोव्हिये या गावात १८९५ मध्ये बागायतदारांनी सहकारी वाइनरी सुरू केली. फ्रान्समधील सर्वांत जुन्या सहकारी वाइनरींमध्ये ती गणली जाते. नुसती द्राक्षे विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांनी ही वाइनरी पाहावीच.

काय खावे

शूक्रूट हा येथील सर्वांत प्रसिद्ध पदार्थ. कोबी बारीक चिरून, मीठ लावून, दाबून काही आठवडे आंबवतात आणि तो मांसाबरोबर शिजवतात. याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. स्ट्रासबुर्गजवळचे क्राउटरगेर्सहाइम हे गाव कोबीसाठीच ओळखले जाते. फ्लामेक्युश म्हणजे पातळ पोळीवर साय, कांदा आणि डुकराच्या मांसाचे तुकडे पसरून कडक भट्टीत भाजलेला पदार्थ. पूर्वी गावात पाव भाजण्याआधी भट्टीचा ताव पाहायला तो टाकत. कुगलॉफ हा बेदाणे व बदाम घातलेला गोडसर पाव. एप्रिल ते जून या काळात पांढरा शतावरीचा कोंब, म्हणजे ॲस्परॅगस, सगळीकडे मिळतो. शाकाहारी मंडळींनी ऑर्डर देताना 'मांस नको' असे स्पष्ट सांगावे, कारण भाजीच्या पदार्थातही डुकराचे मांस असू शकते.

खरे पाहण्यासारखे जेवण मात्र डोंगरावर मिळते. व्होजच्या माथ्यावरील कुरणांत उन्हाळ्यात गुरे नेणारे पशुपालक आपल्या गोठ्याशेजारीच खानावळ चालवतात. तिला 'फेर्म-ओबेर्ज', म्हणजे शेतावरची खानावळ, म्हणतात. एकच ठरलेले ताट असते: मांसाचा भाजलेला पाय, मंद आचेवर कांद्याबरोबर शिजवलेले बटाटे, खारवलेले मांस, मुन्स्टर चीज आणि शेवटी रानातल्या ब्लूबेरीचा गोड पदार्थ. वाढले जाणारे बहुतांश अन्न स्वतःच्या शेतातले असले पाहिजे, असा या खानावळींचा नियम आहे. दूध विकून जेवढे मिळाले असते त्याहून जास्त त्याच दुधाच्या चीजचे येथे ताटातून मिळते. आपल्याकडे कृषी पर्यटनाच्या नावाखाली बाजारातून आणलेले पनीर वाढणाऱ्यांनी हा नियम लक्षात घ्यावा.

मुक्काम

हॉटेले महाग आहेत. ओबेर्ने, रिबोव्हिये, कायझर्सबर्ग, टुर्कहाइम या मार्गावरील गावांत तंबू व कॅराव्हॅनसाठी कॅम्पिंगच्या जागा आहेत. काही जागा नगरपालिका स्वतः चालवते. आखलेला तुकडा, वीजजोडणी, सामाईक स्नानगृहे एवढी सोय असते. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर हा हंगाम. ऐन उन्हाळ्यात आणि काढणीच्या दिवसांत आधी नोंदणी करावी.

शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते 'कॅम्पिंग आ ला फेर्म', म्हणजे शेतावरचे कॅम्पिंग. जास्तीत जास्त ६ तंबू किंवा कॅराव्हॅन आणि २० माणसे एवढ्या मर्यादेत राहिले, तर मोठ्या कॅम्पिंगसाठी लागणारा विकास परवाना घ्यावा लागत नाही, नगरपालिकेकडे आगाऊ सूचना देऊन काम होते. मर्यादा छोटी असल्याने शेती बाजूला पडत नाही आणि गुंतवणूकही कमी लागते. महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. त्याखाली केंद्र काढू पाहणाऱ्याने इमारतीचा नकाशा काढण्याआधी असे एक शेत पाहावे. याशिवाय घरगाडी घेऊन फिरणाऱ्यांना एक रात्र विनाशुल्क थांबू देणारे बागायतदारही आहेत. पाहुणा सकाळी सहसा दोन-चार बाटल्या घेऊनच निघतो.

काय पहावे

कोल्मारची जुनी पेठ, रिकव्हीर आणि एगिशाइम ही तटबंदीची गावे, आणि १९०० ते १९०८ दरम्यान पुन्हा उभारलेला ओ-क्योनिग्सबुर्ग किल्ला. रिकव्हीर सुंदर आहे, पण दुपारी तेथे बागायतदारापेक्षा दुकानेच जास्त दिसतात, म्हणून सकाळी लवकर जावे. बागांमधून माहितीफलक लावलेल्या पायवाटा आहेत. काढणीच्या काळात त्यांपैकी काही बंद असतात. तानजवळचा रांगेन हा उभा उतार पाहिल्यावर तेथे मजुरी किती लागत असेल याचा अंदाज येतो.

जाणाऱ्यांनी घ्यायची काळजी

बागायतदाराकडे चव घेताना वाइन थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते, ते वापरणे असभ्य नाही. परवानगीशिवाय ओळींमध्ये शिरू नये. परत येताना काडी, कलम किंवा माती आणू नये. वनस्पती विलगीकरणाच्या परवान्याशिवाय ते बेकायदा आहे. एकोणिसाव्या शतकात फायलोक्झेरा ही मुळांवरील कीड अमेरिकी वेलींबरोबरच युरोपात आली आणि तिने फ्रान्सच्या बागा संपवल्या. तेव्हापासून आल्सासचा वेलही अमेरिकी खुंटावर कलम करूनच लावला जातो.