एका टेबलाची गोष्ट: कमला सोहोनी, बटाटा आणि मेंदूची बॅटरी

मिरजगावातून बोलतोय. फोनची बॅटरी किती उरली ते आपण दिवसातून दहादा बघतो. आज जरा डोक्यातल्या बॅटरीबद्दल बोलूया.

आपला मेंदू साधारण १.४ किलोचा, म्हणजे वजनाच्या जेमतेम २ टक्के. पण आपण नुसते पडून असलो तरी शरीराच्या ऊर्जेतला जवळपास २० टक्के वाटा तो एकटा खातो. हिशेब केला तर २० वॅटच्या आसपास, एखाद्या चार्जरएवढा. आणि साठा? जवळपास नाहीच. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की १० सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपते.

ही ऊर्जा पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात तयार होते. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे, हातोहात, शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोहोचवले जातात. विहिरीतून घागरी वर देणारी माणसांची रांग डोळ्यांसमोर आणा. त्या रांगेतला एक गडी म्हणजे सायटोक्रोम सी. त्याच्याशी एका मराठी बाईचं नाव जोडलेलं आहे: कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवत यांची सख्खी बहीण.

१९३३ साली त्या बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेशासाठी गेल्या. संचालक होते सी. व्ही. रामन, नोबेलविजेते. त्यांनी नाही म्हटलं. कारण एकच, मुलगी. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिलं वर्ष चाचणीचं, आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेचं वातावरण बिघडता कामा नये. पुढे कमलाबाई जाहीरपणे म्हणाल्या की हा माझा अपमान होता. मला वाटतं, ‘थोर माणूस होता, जाऊ द्या’ असं न म्हणणं हेही धाडसच.

मग केंब्रिज. फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत जागाच नव्हती. तेव्हा डेरेक रिक्टर नावाच्या तरुण संशोधकाने आपलं टेबल दिवसा वापरायला दिलं, असं सांगतात. हे रिक्टर कोण? अ‍ॅड्रेनॅलिनसारखी रसायनं शरीरात कशी मोडली जातात यावर १९३७ साली ज्यांचा महत्त्वाचा पेपर आला, त्यातले एक. पुढे त्यांनी मेंदू हाच विषय धरला. १९४८ साली त्यांनी आणि डॉसन यांनी उंदरांच्या मेंदूचं रसायन तपासलं, झोपेत एकदा आणि खवळलेल्या अवस्थेत एकदा. खवळलेल्या मेंदूत लॅक्टिक आम्ल जास्त, झोपेतल्या मेंदूत कमी. म्हणजे भावना उसळली की मेंदूचा इंधनाचा हिशेबही बदलतो! मेंदूचं रसायनशास्त्र ही वेगळी शाखा उभी करणाऱ्यांत आज रिक्टर यांचं नाव घेतात.

रिक्टर केंब्रिज सोडून गेल्यावर कमलाबाई रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करू लागल्या. प्रयोगाला काय? बटाटा! वनस्पतींच्या पेशींच्या श्वसनातही सायटोक्रोम सी काम करतं, हे त्यांनी दाखवलं. प्रबंध फक्त ४० टंकलिखित पानांचा, तोही केंब्रिजला पोहोचल्यापासून १४ महिन्यांत. १९३९ मध्ये पीएचडी. विज्ञान विषयात ती मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो. कमलाबाईंनी मेंदूवर काम केलं नाही. भारतात परतल्यावर त्यांनी डाळी, नीरा, गरिबाच्या ताटातलं पोषण यावर आयुष्य घातलं. पण बटाट्याच्या पेशीत जो गडी घागर पुढे देतो, तोच गडी हे ऐकताना तुमच्या मेंदूतही राबतोय. शेतातला बटाटा आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचं डोकं, दोघांची वायरिंग एकच.

आणि टेबल? एका ठिकाणी दार उघडायला हट्ट धरावा लागला, दुसरीकडे कुणीतरी आपली जागा सरकवून दिली. आपल्या गावातली एखादी पोरगी लॅबचं दार वाजवेल, तेव्हा आपण यातले कोण असू? तेवढा विचार करा. भेटूया पुढच्या भागात!