वेडी बाबे आणि तिचं गोत

बर्लिनच्या गेमेल्डेगॅलरी या संग्रहालयात डच चित्रकार फ्रान्स हाल्सची दोन चित्रं आहेत. हात एकच, तऱ्हा दोन. कातारिना होफ्ट ही श्रीमंताघरची तान्ही पोर त्यानं १६२०च्या आसपास दाईच्या कडेवर रंगवली. तिच्या गळपट्टीची लेस अशी उतरवलीय की कारागिरानं बघून तशीच विणावी. दुसरी ‘माले बाबे’, म्हणजे वेडी बाबे, साधारण १६३३-३५ची. खांद्यावर घुबड, हातात बिअरचा झाकणाचा पेला, तोंडभर हसू. हिची कॉलर म्हणजे ओल्या रंगावर ओढलेले नुसते फटकारे. जवळ गेलं की कापड नाहीसं होतं, चार पावलं मागे सरकलं की परत दिसतं.

व्हेनिसच्या तिशियननं म्हातारपणी असं रंगवलं होतं. ती चित्रं लांबूनच बघावीत, असं चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वासारी १५६८मध्ये लिहून गेला. हाल्सच्या मोकळेपणाचं कारण मात्र जास्त व्यवहारी वाटतं. पैसे मोजणाऱ्याला आपली लेस चित्रात हवी असते. बाबे कशाला तक्रार करते? ती हार्लेमची खरीखुरी बाई. १६५३ मध्ये ती तिथल्या सुधारगृहात असल्याची नोंद आहे, आणि हाल्सचा मुलगा पीटरही तिथेच कोंडलेला होता.

पुढे गिऱ्हाईकच बदललं, त्यालाही असे मोकळे फटकारे आवडू लागले. १७६९च्या सुमारास पॅरिसच्या फ्रागोनारनं सपासप रंगवलेल्या व्यक्तिचित्रांची मालिकाच काढली. त्यातलं एक तासाभरात झाल्याची नोंद त्याच्या पाठीमागे आहे. ही माणसं कल्पनेतली, असा बराच काळ समज होता. २०१२ मध्ये पॅरिसच्या लिलावात एक कागद निघाला. त्यावर या चित्रांची चिमुकली रेखाटनं, आणि एक सोडून सगळ्यांखाली नावं! वॉशिंग्टनमधली प्रसिद्ध ‘वाचणारी मुलगी’ याच घराण्यातली. तिच्या रंगाखाली आधी प्रेक्षकांकडे पाहणारा वेगळाच चेहरा होता.

मग १८६९ उजाडलं. डॉक्टर लुई ला काझ यांनी हौसेनं जमवलेली चित्रं त्यांच्या पश्चात लूव्रला मिळाली. त्यात हाल्सची जिप्सी मुलगी होती, फ्रागोनारही होता. त्याच वर्षी फ्रेंच चित्रकार कूर्बेनं म्युनिकच्या प्रदर्शनात बाबेची नक्कल केली. ती आता हॅम्बुर्गमध्ये आहे.

१८७४ मध्ये बर्लिननं बाबे विकत घेतली. तिकडे पॅरिसमध्ये त्याच वर्षी बेर्त मोरिझो आणि तिच्या इंप्रेशनिस्ट सोबत्यांनी आपलं पहिलं प्रदर्शन भरवलं, तर हे अर्धवट काम आहे म्हणून समीक्षकांनी नाकं मुरडली.