एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह, तरीही भीती कायम : कारणे आणि उपाय

एचआयव्ही चाचणीचा अहवाल निगेटिव्ह आल्यावर बहुतेक व्यक्तींच्या मनावरील ओझे उतरते. काही व्यक्तींच्या बाबतीत मात्र हा दिलासा जेमतेम काही दिवस टिकतो. प्रयोगशाळेकडून चूक झाली असेल, चाचणी लवकर केली गेली असेल, अशा शंका पुन्हा डोके वर काढतात आणि दुसरी, तिसरी, दहावी चाचणी केली जाते. यात पैसा खर्च होतो, झोप उडते, कामावरील लक्ष ढळते, ठरलेला विवाहही लांबणीवर पडतो. अशा वेळी उपचाराची गरज असते ती रक्तातील विषाणूवर नव्हे, तर मनातील चिंतेवर.

अहवाल अंतिम केव्हा मानावा?

संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत आढळून येईपर्यंतच्या काळास विंडो पिरियड म्हणतात. विषाणूचा अंश व प्रतिपिंडे या दोहोंचा एकत्र शोध घेणारी, शिरेतील रक्तावर प्रयोगशाळेत केली जाणारी चौथ्या पिढीची चाचणी साधारणपणे १८ ते ४५ दिवसांत संसर्ग दाखवू शकते. केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्यांसाठी हा काळ २३ ते ९० दिवसांचा आहे. त्यामुळे संशयित प्रसंगानंतर तीन महिने पूर्ण झाल्यावर केलेली चाचणी निगेटिव्ह असल्यास, आणि मधल्या काळात नवा धोका पत्करला नसल्यास, त्या प्रसंगापुरते उत्तर मिळालेले असते. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तीच चाचणी केल्याने त्या उत्तरात भर पडत नाही.

शासकीय केंद्रात आपली एकच चाचणी झाली आणि दुसऱ्या व्यक्तीच्या तीन झाल्या, यावरूनही काहींना शंका येते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजेच नॅकोच्या पद्धतीनुसार पहिली चाचणी निगेटिव्ह आल्यास अहवाल निगेटिव्ह दिला जातो. ती प्रतिक्रियाशील आढळल्यासच वेगळ्या तत्त्वांवर आधारित आणखी चाचण्या करून निदान निश्चित केले जाते. म्हणजे एकच चाचणी होणे हे हलगर्जीचे लक्षण नाही.

पुन्हा चाचणी करण्याची वैद्यकीय कारणे मोजकी आहेत. पहिली चाचणी विंडो पिरियडमध्ये झाली असणे, त्यानंतर नव्याने असुरक्षित संबंध किंवा सुईचा सामाईक वापर घडणे, अथवा प्रतिबंधक औषधे घेतलेली असणे, ही ती कारणे होत. संसर्गाच्या शक्यतेनंतर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावयाच्या औषधांमुळे चाचणीचे वेळापत्रक बदलते. ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

शंका मिटत का नाही?

सततच्या चिंतेमुळे शरीरात खरोखरच बदल जाणवतात. झोप कमी होते, भूक मंदावते, वजन घटते, घाम येतो, पोट बिघडते, थकवा येतो. ही लक्षणे एचआयव्हीच्या माहितीपत्रकातील लक्षणांशी जुळतात आणि भीतीला नवा पुरावा मिळाल्यासारखे वाटते. मानेतील गाठी दिवसातून अनेकदा चाचपल्यास ती जागा दुखू लागते. जीभ आरशात वारंवार पाहिल्यास नेहमीचा पांढरा थरही रोग वाटू लागतो. केवळ लक्षणांवरून एचआयव्हीचे निदान होत नाही. ते चाचणीनेच होते, आणि ती तर झालेली असते.

दुसरे कारण दिलाशाच्या स्वरूपात आहे. चाचणी केली, डॉक्टरांना विचारले किंवा इंटरनेटवर शोध घेतला की चिंता तात्पुरती ओसरते. त्यामुळे पुढच्या वेळी शंका आली की मन पुन्हा तोच मार्ग मागते. पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक या ब्रिटिश संशोधकांनी १९८६ मध्येच वारंवार दिलासा मागण्याची सवय आरोग्यचिंता टिकवून ठेवते, याकडे लक्ष वेधले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झाले, अशा विकाराची नोंद मंत्रचळाशी संबंधित विकारांच्या गटात करण्यात आली आहे. हात स्वच्छ असूनही ते पुन्हा पुन्हा धुणे आणि अहवाल निगेटिव्ह असूनही पुन्हा चाचणी करणे, यांतील साम्य त्यावरून ध्यानात यावे.

तिसरे कारण अपराधभावनेचे आहे. भारतात १९८६ साली चेन्नई येथे एचआयव्हीबाधित व्यक्ती प्रथम आढळल्या. तेव्हापासून या आजाराला नीतिमत्तेच्या निर्णयाचे रूप येत गेले. एखाद्या प्रसंगाबद्दल मनात खंत असल्यास आजार ही जणू शिक्षाच आहे, असे वाटू लागते. रक्ताची चाचणी विषाणूविषयी सांगू शकते, खंतीविषयी नाही. ती खंत समुपदेशकापुढे स्पष्ट शब्दांत मांडणे, हाच तिच्यावरील योग्य उपाय होय.

काय करावे?

विंडो पिरियड संपल्यानंतरची एक चाचणी अंतिम मानण्याचा निर्णय डॉक्टरांसह घ्यावा आणि अहवाल बाजूला ठेवून द्यावा. शरीर चाचपणे, लक्षणांचा इंटरनेटवर शोध घेणे आणि आप्तांना तेच प्रश्न विचारणे क्रमाक्रमाने कमी करावे. तपासण्याची इच्छा झाल्यास प्रथम अर्धा तास, नंतर एक तास थांबावे. सुरुवातीला अस्वस्थता वाढते. परंतु तपासणी न करताही ती ओसरते, हा अनुभव येणे महत्त्वाचे असते.

रक्तदान हा चाचणीचा मार्ग नव्हे. केवळ आपला अहवाल कळावा म्हणून रक्तदान केल्यास आणि ती व्यक्ती विंडो पिरियडमध्ये असल्यास रक्त घेणाऱ्या रुग्णाला धोका संभवतो.

एवढ्याने चिंता कमी न झाल्यास मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची मदत घ्यावी. विचार आणि वर्तन या दोहोंवर काम करणारी कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी या विकारात उपयुक्त ठरते. ब्रिटनमधील रुग्णालयांत ४४४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात या उपचाराने आरोग्यचिंता कमी झाल्याचे आढळले. त्याचे निष्कर्ष २०१४ साली द लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गरजेनुसार डॉक्टर चिंतारोधक औषधेही देतात. ती स्वतःच्या मनाने सुरू वा बंद करू नयेत.

कुटुंबीयांची भूमिका

रागावणे आणि दिवसातून दहा वेळा समजूत घालणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. ‘या प्रश्नाचे उत्तर आपल्याला मिळाले आहे, आता या भीतीवर उपचार घेऊ’ असे शांतपणे सांगावे आणि तज्ज्ञांकडे सोबत जावे. जगण्यात अर्थ नाही, असे उद्गार निघू लागल्यास त्या व्यक्तीस एकटे सोडू नये व तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी.

मदत कोठे मिळेल?

शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत चाचणी आणि समुपदेशन विनामूल्य मिळते. नॅकोची १०९७ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा एचआयव्हीविषयक शंकांसाठी आहे. मानसिक आरोग्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असून त्यानुसार चाचणीसाठी संमती आवश्यक आहे व एचआयव्हीविषयक माहितीच्या गोपनीयतेस संरक्षण आहे. त्यामुळे संकोच बाळगण्याचे कारण नाही.

एचआयव्हीचे आजचे स्वरूपही ध्यानात घ्यावयास हवे. भारतात १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांत विनामूल्य औषधोपचार सुरू झाला. नियमित औषधांमुळे बाधित व्यक्ती दीर्घ व कार्यक्षम आयुष्य जगू शकतात. बाधित व्यक्तींनाही जे आयुष्य आज लाभते, ते निगेटिव्ह अहवाल हाती असलेल्या व्यक्तीने भीतीपायी थांबवून ठेवू नये.