चंदगडकरांची खोली आणि गिरण्यांची जमीन

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. त्याआधी मुंबईच्या गिरणीत लागलेल्या कित्येकांचा जिल्हा ते साच्यावर उभे असतानाच बदलला. धो धो पाऊस आणि तुटपुंजी शेती यांमुळे चंदगड, आजरा, गडहिंग्लज या पट्ट्यातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या लालबाग-परळची वाट धरीत.

तेथे त्यांच्या निवाऱ्याची सोय गावानेच केलेली असे. ग्रामस्थ मंडळाची चाळीतली एक खोली, भिंतीलगत पत्र्याच्या ट्रंका. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीहून परतलेला त्याच जागी पथरी टाकी. जेवण खाणावळवाल्या बाईकडे. भाडे साऱ्यांत वाटले जाई आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर ते जवळजवळ गोठले. या दाटीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण ती पगारात बसत होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि कापडापेक्षा खालची जमीन मोलाची ठरली. ती होती सुमारे ६०० एकर.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने या जमिनीचे तीन वाटे ठरवले : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी आता केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीची होणार होती. गिरणीचे आवार म्हणजे बहुतांशी सूतखाते, विणकामखाते आणि गोदामे. त्यांखालची जमीन, इमारत पाडली तरी, वाटणीबाहेर राहिली. एवढ्या एका बदलाने हजारो संभाव्य घरे नकाशावरून पुसली गेली. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याविरुद्ध कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

दरम्यान २००५ मध्येच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटी रुपयांना विकली होती. जमिनीलाच एवढा भाव मिळाल्यावर तिच्यावरचे घर कोणाला परवडणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. मॉल, कार्यालये आणि निवासी मनोरे एकाच आवारात उभे राहिले.

म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवर २२५ चौरस फुटांची घरे झाली. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरे होती, किंमत साडेसात लाख; २०२० मध्ये ३,८९४, किंमत साडेनऊ लाख. तोवरच्या चार सोडती मिळून १५,८७० घरे निघाली, त्यांतही २,४१७ पनवेलजवळच्या कोनमध्ये. अर्ज मात्र पावणेदोन लाखांच्या आसपास.

उरलेल्यांसाठी शासनाने शेलू आणि वांगणी येथे सुमारे ८१,००० घरांचा प्रस्ताव पुढे केला. गिरणगावापासून ही ठिकाणे लोकलने दीड-दोन तासांवर. ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानावर जमलेल्या कामगारांनी आणि वारसांनी तो नाकारला. घर मुंबईतच हवे, अशी त्यांची मागणी होती.