बंदुकीवरचा एक 'आय'

इतिहास म्हटला की आम्ही बखरी आणि कागद चाळतो. पोलादावरची ओळ वाचायची आम्हांला सवय नाही. श्रोतेहो, कलकत्त्याजवळच्या इशापूर कारखान्याची जुनी ·३०३ बंदूक पाहा. दस्ता जिथे पोलादाला मिळतो तिथे, उजव्या अंगाला, मुकुट आणि 'जी. आर. आय.' ही अक्षरे दिसतात. शिवाय गावाचे नाव आणि साल. (पुढे 'एफ. आर.' असले, तर ते साल जन्माचे नव्हे, डागडुजीचे!) विलायतेत घडलेल्या बंदुकीवर नुसते 'जी. आर.' असते. आमच्याकडचा जास्तीचा 'आय' म्हणजे इंपरेटर. जॉर्ज तिकडे राजा; सम्राट तो आमच्यापुरता.

या सम्राटाच्या सरकारचा आमच्यावर विश्वास किती? इशापुरातच कित्येक बंदुका ·४१० च्या काडतुसासाठी बदलून, एका वेळी एकच बार भरेल अशा करून, पोलीस-पहारेकऱ्यांना दिल्या. 

जून १९४८ मध्ये ते सम्राटपद गेले. पुढे प्रजासत्ताकात मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. बंदूक मात्र बदलली नाही. १९६२ साली चीनसमोर आमचे कितीतरी जवान ती ·३०३ घेऊनच उभे होते. त्यानंतर इशापूरने त्याच घडणीत ७·६२ मिलिमीटरची '२ए१' काढली. कालांतराने त्यांतल्या पुष्कळ मोडीत निघून अमेरिकेच्या बाजारात गेल्या. तिथला हौशी गिऱ्हाईक ते सिंह आणि 'आर. एफ. आय.' पाहून त्यांचे गाव ओळखतो.