थंड कचेरीतले कार्डिगन

मे महिना. जालन्यात पारा चाळिशीच्या वर, आणि आमची ताई कार्यालयात लोकरीचे जाळीदार कार्डिगन घालून बसलेली! ते तिने स्वतः विणले होते. आम्ही हसलो. ‘‘एवढ्या भोकांतून थंडी शिरत नाही का?’’ असेही विचारले. पुढे या वस्त्राचा आणि त्या थंडीचा इतिहास चाळला, तेव्हा हसणे आवरावे लागले.

मराठवाड्याला लोकर नवी नाही. धनगरांची घोंगडी मागावरच तयार होते. मागावर उभे-आडवे धागे गुंततात. दोन सुयांवर मात्र एकाच धाग्याचे फासे एकमेकांत अडकतात. म्हणून स्वेटर ताणला जातो, घोंगडी नाही. लोकरीचा एक वेढा जास्त घेऊन भोक पाडायचे आणि दोन टाके एकत्र विणून संख्या पुन्हा जुळवायची, हे जाळीचे गणित.

‘कार्डिगन’ हे नाव क्रिमियाच्या युद्धातील (१८५३-५६) ब्रिटिश सेनानी अर्ल ऑफ कार्डिगन याचे. गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जोडलेली ‘रॅग्लन’ बाही त्याच युद्धातील सरसेनापतीच्या नावाची. रॅग्लनचा उजवा हात वॉटर्लूच्या लढाईत (१८१५) गेला होता. तेथे तो ज्या वेलिंग्टनच्या हाताखाली होता, त्यानेच २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच जालना जिल्ह्यातील असई येथे मराठी फौजांचा पराभव केला होता.

आता कचेरीतली थंडी. १९०२ मध्ये अमेरिकेत विलिस कॅरिअर यांनी वातानुकूलनाची योजना आखली ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगे आणि रंगांचे ठसे जुळत नसत. १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर यांनी ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द वापरला तो कापडगिरण्यांतील हवेसाठी. म्हणजे आधी सोय पाहिली गेली ती कागदाची आणि सुताची; माणसाची नंतर.

माणसाची पाहिली तीही अर्धीच. कपड्यांची ऊब मोजण्यासाठी १९४१ मध्ये ‘क्लो’ हे एकक सुचवले गेले. एक क्लो म्हणजे साधारणपणे पुरुषी सुटाची ऊब. शरीरातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेचे प्रमाणही सरासरी पुरुषावरून ठरले. किंग्मा आणि लिख्टेनबेल्ट या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की त्यामुळे स्त्रियांच्या शरीरातील उष्णतानिर्मिती ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाऊ शकते. ताईला थंडी वाजत होती ती नाजूकपणामुळे नव्हे. हिशेबच दुसऱ्याच्या शरीराचा होता.

आणि भोकांचे काय? ऊब देते ती मुख्यतः लोकरीत अडकलेली स्थिर हवा. भोकांतली हवाही वारा नसेल तर बऱ्यापैकी स्थिर राहते. झोत आला की मात्र निघून जाते. म्हणजे आमचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, पण उत्तर ताईला आधीच ठाऊक होते: ती जागा बदलून यंत्राच्या झोताबाहेर बसली होती.

वर्गात हे पाहता येईल. काचेच्या दोन सारख्या पेल्यांत सारखेच गरम पाणी घ्या, झाकण ठेवा. दोन्हींना जाळीदार लोकरी विणकाम गुंडाळा. एकावर वरून पातळ सुती कापड लपेटा. पंखा बंद ठेवून आणि नंतर नव्याने पाणी भरून पंखा लावून, दर पाच मिनिटांनी तापमान लिहा. मग मुलांना विचारा: सर्वांसाठी म्हणून ठरवलेले आणखी कोणते माप खरोखर कोणावरून घेतलेले आहे?