घरचा कॅमेरा घरच्यांनाच ओळखत नाही? आधी काय तपासायचं?

दुपारी चार वाजता फोनवर नोटिफिकेशन येतं, ‘दारात अनोळखी व्यक्ती’. हातातलं काम सोडून ॲप उघडावं, तर भाजीची पिशवी घेऊन आईच उभी! असं आठवड्यातून चार-पाचदा झालं की वैतागून नोटिफिकेशनच बंद केलं जातं. खरी अडचण तिथून सुरू होते. ज्या दिवशी खरोखर कुणी अनोळखी येईल, त्या दिवशीही फोन गप्पच राहणार.

अशा वेळी कॅमेरा खराब आहे असं समजून तो बदलण्याची घाई होते. पण बऱ्याचदा कॅमेऱ्यात दोष नसतो, तो लावलेल्या जागेत असतो.

मुळात ही सोय आहे का?

बॉक्सवर ‘एआय’ लिहिलंय म्हणजे कॅमेरा चेहरा ओळखतो, असं नाही. अनेक स्वस्त कॅमेरे फक्त ‘माणूस दिसला’ एवढंच सांगतात. माणूस आहे हे कळणं आणि तो कोण हे कळणं, ही दोन वेगळी कामं आहेत. काही कंपन्यांमध्ये दुसरं काम पैसे भरल्यावरच मिळतं. उदाहरणार्थ, गूगल नेस्टच्या कॅमेऱ्यांमध्ये ओळखीचे चेहरे लक्षात ठेवण्यासाठी सबस्क्रिप्शन लागतं. त्यामुळे कालपर्यंत नीट चालणारी ओळख आज अचानक थांबली असेल, तर प्लॅन संपलाय का ते आधी पाहा.

कॅमेरा नक्की काय करतो?

तो आधी चित्रात चेहरा शोधतो आणि मग त्याचं आकड्यांच्या यादीत रूपांतर करतो. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या ‘फेसनेट’ पद्धतीत एका चेहऱ्यासाठी १२८ आकडे होते. ही यादी साठवलेल्या याद्यांशी ताडून पाहिली जाते. फरक ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर ‘ओळखीचा’, नाहीतर ‘अनोळखी’. म्हणजे सगळा खेळ अंदाजाचा आहे, आणि चित्र अंधुक असेल तर अंदाजही चुकतो.

क्लिप झूम करून बघा

ओळख चुकली ती क्लिप उघडा, चेहऱ्यावर झूम करा. आई तुम्हाला माहीत नसती, तर या चित्रावरून तुम्ही तिला गर्दीत शोधू शकला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर सॉफ्टवेअरला दोष देण्यात अर्थ नाही.

सीसीटीव्हीसाठीच्या ‘आयईसी ६२६७६-४’ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत, अनोळखी माणसाची ओळख पटवायची असेल तर चित्रात दर मीटरला २५० पिक्सेल असावेत, असं सांगितलं होतं. घरगुती कॅमेऱ्यात याचा अर्थ काय होतो? १०८० पी कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. त्याची लेन्स ११० अंशांची असेल, तर ही घनता जेमतेम अडीच-पावणेतीन मीटरपर्यंतच मिळते. पाच मीटरवर, म्हणजे लिफ्टच्या दारापाशी, चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम २० पिक्सेल येतात. बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलेली ‘वाइड अँगल’ लेन्स इथे उलट नडते.

दुसरी गोष्ट उंचीची. चोराचा हात पोहोचू नये म्हणून कॅमेरा नऊ फुटांवर ठोकला जातो. दारापासून चार फुटांवर उभ्या माणसाचे डोळे साधारण पाच फुटांवर असतील, तर कॅमेरा त्याच्याकडे ४५ अंशांतून खाली बघतो. त्याला दिसतं ते कपाळ आणि टक्कल! तोच कॅमेरा सहा फुटांवर आणला, तर हा कोन १४ अंशांवर येतो. हात पोहोचण्याचा धोका राहतो, पण निदान आलेल्याचा चेहरा तरी मिळतो.

मग प्रकाश. पॅसेजच्या टोकाला खिडकी किंवा डक्ट असेल, तर माणसाच्या मागून उजेड येतो आणि चेहरा काळा पडतो. सेटिंगमध्ये ‘डब्ल्यूडीआर’ असेल तर ते सुरू करा, नाहीतर कॅमेऱ्याची दिशा थोडी वळवा. रात्री अंधारात चालता माणूस पुसट येतो. त्यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दाराबाहेर सेन्सरवाला एलईडी बल्ब. कॅमेरा सेफ्टी डोअरच्या जाळीमागे असेल, तर त्याचा इन्फ्रारेड प्रकाश जाळीवर आपटून परत येतो आणि चित्र पांढरं होतं. पावसाळ्यात लेन्सवर धरलेली वाफ आणि कोळ्याची जाळी हेही बघा. हसू येईल, पण एखाद्या कापडाने पुसून सुटणारी तक्रार कमी नसते.

यादीत कुणाचे फोटो आहेत?

जागा ठीक असूनही ओळख चुकत असेल, तर ॲपमधली चेहऱ्यांची यादी उघडा. चष्म्यासह आणि चष्म्याविना एकच व्यक्ती दोन नावांनी साठलेली असते, किंवा दोन भावांचे फोटो एकाच नावाखाली मिसळलेले असतात. पहिल्या बाबतीत नोंदी एकत्र करा, दुसऱ्या बाबतीत चुकीचे फोटो काढून टाका. ब्यूटी फिल्टर लावलेला सेल्फी अपलोड करू नका; त्याच कॅमेऱ्याने टिपलेले दिवसाचे आणि रात्रीचे स्पष्ट फोटो जास्त उपयोगी पडतात. मुलांचे फोटो अधूनमधून बदलावेच लागतात.

आणि पुण्यात स्कूटरवरून उतरलेली, डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळलेली मुलगी? तिथे कॅमेऱ्याला माफ करायला हवं. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या संस्थेने जुलै २०२० मध्ये मास्क लावलेल्या चेहऱ्यांवर ८९ अल्गोरिदम तपासले, तेव्हा चुकांचं प्रमाण ५ ते ५० टक्क्यांपर्यंत गेलं होतं.

उलटी चूक जास्त महागात

आईला ‘अनोळखी’ म्हटलं तर त्रास होतो, अनोळखी माणसाला ‘आई’ म्हटलं तर धोका. काही ॲपमध्ये संवेदनशीलता बदलता येते, पण चुकीचे इशारे कमी करायच्या नादात ओळखीची अट फार सैल केली, तर ही दुसरी चूक वाढते.

बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांना खोली मोजता येत नाही. आयफोनचं फेस आयडी इन्फ्रारेडचे ३० हजारांहून जास्त ठिपके टाकून चेहऱ्याचा आकार तपासतं. दाराबाहेरच्या एका लेन्सच्या कॅमेऱ्यासमोर मात्र छापील फोटोही चालून जाऊ शकतो. त्यामुळे कॅमेऱ्याची ओळख स्मार्ट लॉकला जोडून दार आपोआप उघडण्याची सोय मिळत असेल, तर ती बंदच ठेवा. इशाऱ्यासाठी हा कॅमेरा ठीक आहे, किल्ली म्हणून नाही.

घरकामाला येणाऱ्या मावशींचा चेहरा नावासकट साठवणार असाल, तर त्यांना आधी विचारा. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या निव्वळ घरगुती वापराला लागू होत नाही, पण म्हणून विचारायचंच नाही असं थोडंच आहे? त्यांनी काम सोडलं, तर त्याच दिवशी यादीतून नावही काढा. नाहीतर कॅमेरा त्यांना पुढेही ‘ओळखीचं’च समजत राहील.